कूलर बंद ठेवून झोपणाऱ्या घरांबद्दल: शांतता समितीला खुले पत्र

प्रति,
शांतता समितीचे सर्व सन्माननीय सदस्य,
कोतवाली, गणेशपेठ, तहसील, लकडगंज, पाचपावली, शांतिनगर, सक्करदरा, नंदनवन, इमामवाडा, यशोधरानगर आणि कपिलनगर पोलीस ठाणी;
तसेच मा. पोलीस आयुक्त, नागपूर शहर

स. न. वि. वि.

वरची अकरा नावं मी मुद्दाम एकेक करून लिहिली. १७ मार्च २०२५ च्या रात्री दंगल झाली आणि संचारबंदी लागली ती याच ठाण्यांच्या हद्दीत. काही ठिकाणची आधी उठली, उरलेली २३ मार्चला. बॅरिकेड निघाले, भाजीचे ठेले आले, शाळेचे ऑटो सुरू झाले आणि जो तो म्हणायला लागला, झालं बाप्पा, निपटलं एकदाचं.

माझं औषधाचं दुकान महालात आहे, गांधीगेटच्या आत, एका गल्लीच्या तोंडाशी. सव्वीस वर्षं झाली. एका बाजूला जुने वाडे, दुसऱ्या बाजूला भालदारपुऱ्याकडे जाणारी वस्ती. दोन्हीकडची माणसं माझ्याच काउंटरवर येतात आणि दोन्हीकडची उधारी एकाच वहीत असते. औषधवाल्याला लोक बरंच काही डॉक्टरच्या आधी सांगतात. कोणाची शुगर वाढली, कोणाच्या घरी बोलाचाली बंद आहे, कोणाला रात्र रात्र डोळा लागत नाही, हे मला कळत असतं. त्या मार्चनंतर जे कळलं ते तुमच्या बैठकीपर्यंत गेलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. रस्त्यावरची दंगल दोन-चार दिवसांत आटोक्यात येते, पण घरात ती रात्री अकरानंतर पुढे कितीतरी महिने चालू राहते. ज्या मोहल्ल्याची झोप उडालेली आहे तिथे पुढच्या अफवेनं काडी लावायचाच अवकाश असतो. त्यामुळे लोकांना पुन्हा झोप लागेल असं करणं हे बंदोबस्ताचंच काम आहे, आणि ते तुमच्या विषयपत्रिकेवर यायला हवं.

त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास चिटणीस पार्काकडून गलका ऐकू आला. मी शटर अर्धं खाली ओढलं. आत दोन गिऱ्हाइकं होती, एक आजी आणि एक बारावीचा पोट्टा. टिनाच्या पत्र्यावर दगड पडतो तेव्हा जो आवाज होतो तो मी पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकला. नऊ-साडेनऊला थोडं थंडावल्यासारखं वाटलं. लोक दाराशी येऊन हळू आवाजात बोलायला लागले, मीही आजींना घरी पोचवून आलो. आणि साडेदहा-अकराच्या दरम्यान हंसापुरीतून फोन यायला लागले की इथे सुरू झालं.

ही दुसरी खेप फार वाईट ठरली. पहिल्या खेपेनं माणसं घाबरली. दुसरीनं त्यांच्या मनात हे बसवलं की शांत झालं म्हणजे संपलं असं नसतं. पुढे कित्येक महिने लोक मला हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते: आवाज असला तर निदान समजते तरी काय चालू आहे, सामसूम झाली की जास्त भीती वाटते जी.

त्या रात्री तीसहून अधिक पोलीस जखमी झाले, त्यांत उपायुक्त दर्जाचे तीन अधिकारी होते. जखमी नागरिकांपैकी एकाचा जीव २२ मार्चला दवाखान्यात गेला. जळालेल्या गाड्यांचे, फुटलेल्या काचांचे पंचनामे झाले. ते व्हायलाच हवे होते. ज्याची टमटम जळाली त्याचं घर बंद पडतं. पण त्याच घरात रात्री काय होतं ते विचारायला कोणी आलं नाही.

आता मी काउंटरवर काय पाहिलं ते सांगतो.

संचारबंदीत औषधासाठी बाहेर पडायला मुभा होती, त्यामुळे दिवसा थोडा वेळ दुकान उघडायचो. पहिले दोन दिवस लोक बीपीच्या गोळ्या, इन्सुलिन, लहान बाळांचं दूध मागत होते. तिसऱ्या दिवसापासून मागणी बदलली. "भाऊ, झोपच नाही येऊन राहिली, एखादी हलकी गोळी द्या ना." मागच्या गल्लीतून एक चाची आल्या. त्यांचे रोजे चालू होते. त्या म्हणाल्या, "बेटा, सहरी के लिए उठना पड़ता था, अब तो सोते ही नहीं, उठना क्या।" त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वहिनी हसल्या नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली. दोघींचे डोळे सारखेच लाल होते.

झोपेच्या गोळ्या मी चिठ्ठीशिवाय देत नाही आणि देणार नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या यादीत येतात. २०१४ पासून त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे सगळं त्यात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नियम योग्य आहे. या गोळ्यांची सवय लागते, म्हातारी माणसं रात्री बाथरूमला उठताना पडतात, दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो, आणि बरेच दिवस घेऊन एकदम बंद केल्या तर पूर्वीपेक्षा जास्त त्रास होतो. माझ्या एका दुकानावरून शहराचा हिशेब काढता येत नाही, म्हणून आकडे सांगत नाही. पण त्या उन्हाळ्यात माझ्या रजिस्टरची पानं फार लवकर भरली, आणि त्यांत दोन्ही बाजूंची नावं एकाखाली एक आहेत.

एक तरुण बाई आली. कडेवर तीन वर्षांचं लेकरू. तिला खोकल्याचं औषध हवं होतं. मी विचारलं, खोकला केव्हापासून? ती गप्प राहिली. मग म्हणाली, "खोकला नाही जी. ते पिल्यावर झोपते. रात्री दचकून उठते अन् मग सकाळपर्यंत माझ्या गळ्याला लटकून राहते." मी औषध दिलं नाही. गुंगी आणणारी औषधं इतक्या लहान मुलाला झोपवण्यासाठी देणं किती धोक्याचं असतं हे तिला समजावलं. ती ऐकून घेऊन गेली. पण माझ्याकडे तिला देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, एक पत्ता नाही, एक फोन नंबर नाही. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत मी उभा होतो ते मला आजही आठवतं.

त्याच सुमाराला मला कळलं की आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका गाऊन घालायच्या बंद झाल्या आहेत. रात्री साडीतच किंवा सलवार-कुर्त्यातच झोपतात. काऊन, तर पळायची वेळ आली तर? उशाशी एक थैली, तिच्यात आधार कार्ड, राशन कार्ड, पासबुक, पोरांच्या मार्कशीटा, थोडंफार सोनं. चपला दाराशी न ठेवता पलंगाखाली. हे मला एकीनं सांगितलं तेव्हा मला वाटलं ती फार घाबरट असेल. मग दुसरीनं सांगितलं. मग माझ्या स्वतःच्या घरात पाहिलं तर बायकोच्या उशाशीही थैली होती. तिनं मला सांगितलं नव्हतं.

आणि कूलर. नागपूरच्या बाहेरच्या माणसाला हे कळणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो. होळी झाली की आपल्याकडे कूलर निघतात, जुन्या ताट्या काढून नव्या लावतात, मोटरला तेल देतात आणि गल्लीकडच्या खिडकीत कूलर बसतो. त्या वर्षी आमच्या भागातल्या बऱ्याच खिडक्या बंदच राहिल्या. आधी मला वाटलं दगडाची भीती. ती होतीच. पण शेजारच्या काकाजींनी खरं कारण सांगितलं. कूलर आतल्या खोलीत लावलेला होता, तरी रात्री ते तो बंद करत. "कूलर चालू असला तं बाहेरचं ऐकू नाही येत ना." पंचाहत्तरी गाठलेला माणूस मे महिन्याच्या उकाड्यात घामानं निथळत अंधारात कान देऊन पडून राहतो. शरीराचं तापमान थोडं उतरल्याशिवाय नीट झोप लागत नाही हे कोणत्याही डॉक्टरला विचारा. इथे भीतीनं झोप घालवली, उरलीसुरली उकाड्यानं नेली. गच्चीवर गाद्या टाकायची पद्धतही त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत मोडली. गच्चीवर झोपणारी पोरं रात्री बारा-बारापर्यंत या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा मारायची. तो आवाज गेला आणि सगळे आपापल्या बंद खोलीत एकटे पडले.

हे काही मनाचे खेळ नाहीत. मेंदू रात्रीही चौकीदारी करतो. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री झोपलेल्या माणसाच्या मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा उथळ झोपतो आणि बारीकशा आवाजानंही सावध होतो. ते नव्या जागेबद्दल होतं. आमच्या लोकांना स्वतःचं घरच अनोळखी वाटायला लागलं असेल तर त्यांचा मेंदू काय करत असेल, याचा विचार करा.

गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात असते. ज्या झोपेत स्वप्नं पडतात ती पहाटेकडे वाढत जाते. या स्वप्नांच्या झोपेत मेंदूतलं ताणाचं रसायन, नॉरअॅड्रिनॅलिन, जवळजवळ थांबलेलं असतं. म्हणूनच दिवसाची कडू आठवण त्या वेळी थोडी निवते असं या विषयातले जाणकार मानतात. साडेतीन-चारला सायरन वाजला, कुत्री भुंकली, कोणी धावत गेलं, की नेमकी तीच झोप तुटते. आठवण दुसऱ्या दिवशीही तशीच ओली राहते. आठ-दहा रात्री असं झालं तर धक्का बरा होण्याऐवजी मुरत जातो. पहिल्या महिन्यात बहुतेकांची झोप हळूहळू सावरते. पण आठवड्यातून किमान तीन रात्री आणि सलग तीन महिने हा त्रास राहिला तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. तो सहसा आपला आपण जात नाही.

आणि आता बंदोबस्ताची गोष्ट. २००७ साली झालेल्या एका प्रयोगात सुमारे पस्तीस तास जागं ठेवलेल्या निरोगी तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली. मेंदूतला जो भाग भीती आणि संताप पेटवतो, त्याची उसळी झोपलेल्या लोकांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघाली, आणि त्याला आवर घालणाऱ्या भागाशी त्याचा संपर्क ढिला पडलेला दिसला. ही एकाच रात्रीची गोष्ट. आमच्याकडचा एकोणीस वर्षांचा पोट्टा तीन आठवडे नीट झोपलेला नसतो, रात्री एक वाजता त्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ येतो, कुठला, केव्हाचा काही पत्ता नाही. तो दोन मिनिटं थांबून विचार करेल अशी आपण त्याच्याकडून अपेक्षा करतो. ज्या यंत्रणेनं त्याला थांबवायचं ती त्याच्या डोक्यात त्या वेळी थकून बसलेली असते. १७ मार्चची आग अफवेनं भडकली हे तुम्ही सगळे जाणता. अफवेचं बी पडायला जमीन कोण तयार करतं, ते मी सांगतो आहे.

हाँगकाँगच्या लोकांनी याचा फार चांगला अभ्यास करून ठेवला आहे. तिथे त्याच लोकांचा दहा वर्षं पाठपुरावा चालला होता आणि मध्येच २०१९ ची आंदोलनं आली. २००९ ते २०१४ या वर्षांत ज्यांना नैराश्य असण्याची शक्यता दिसत होती असे लोक सुमारे २ टक्के होते, २०१९ मध्ये ते ११ टक्क्यांवर गेले. मोर्चात कोण गेलं, कोण कोणाच्या बाजूचं होतं, याचा त्याच्याशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो रोज दोन तास किंवा जास्त वेळ सोशल मीडियावर त्याच घडामोडी पाहत राहण्याशी. आणि ज्यांच्या पाठीशी घरची माणसं होती ते बरेच सावरले. हे २०२० साली लॅन्सेटमध्ये छापून आलं आहे.

जागरण आपल्याला नवं नाही. कोजागरीला चांदण्यात दूध आटवत आपण जागतो, भुलाबाईची गाणी म्हणत पोरी जागतात. रमजानमध्ये मोमिनपुऱ्यात पहाटेपर्यंत दिवे असतात आणि अर्धं नागपूर तिथे खायला जातं. गणपती विसर्जनाला रात्र जाते. ही सगळी जागरणं माणसानं स्वतःहून केलेली, चार लोकांत मिसळून केलेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोळा मिटला की भरून निघणारी. त्या २०२५ च्या रमजानात संचारबंदीच्या रात्री मात्र सगळे आपापल्या दाराआड जागे होते. "को जागर्ति" असं विचारायला लक्ष्मी येते म्हणतात. आमच्या ग्रुपवर रात्री दीड वाजता "कोणी जागं आहे का?" असा मेसेज यायचा आणि एका मिनिटात तीस जण "हो" म्हणायचे.

झोप ही चैनीची मागणी आहे असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा रामलीला मैदान प्रकरणातला निकाल काढून पाहावा. जून २०११ मध्ये दिल्लीत मध्यरात्रीनंतर झोपलेल्या लोकांवर पोलीस कारवाई झाली होती. त्या निकालात न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी झोपेचा हक्क घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो असं स्वतंत्रपणे लिहिलं आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयानंही एप्रिल २०२४ मध्ये, रात्रभर चाललेल्या एका चौकशीच्या प्रकरणात, झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि ती हिरावून घेता येत नाही असं म्हटलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कागदावर सगळं आहे.

पोलिसांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण तेही माझ्या काउंटरवर येतात. नाक्यावर उभा असलेला एक शिपाई रोज संध्याकाळी डोकेदुखीची गोळी मागायला यायचा. चौथ्या दिवशी मी त्याला स्टुलावर बसवलं, तर बोलता बोलता बसल्या जागी त्याचा डोळा लागला. हेल्मेट मांडीवर. मी पंखा वाढवला आणि दहा मिनिटं कोणाला आत येऊ दिलं नाही. पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोच्या २०१४ च्या अहवालात म्हटलं आहे की ठाण्यांतले जवळपास ९० टक्के कर्मचारी आठ तासांपेक्षा जास्त काम करतात. ही साध्या दिवसांची गोष्ट, दंगलीच्या दिवसांत तर विचारूच नका. हातात काठी असलेला माणूस छत्तीस तास जागा असणं हे त्याच्यासाठी धोक्याचं आहे आणि त्याच्यासमोरच्या माणसासाठीही. नागपूर शहर पोलिसांनीच २०२१ साली महिला कर्मचाऱ्यांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणून दाखवली होती आणि मग ती गोष्ट राज्यभर गेली. आयुक्त साहेब, बंदोबस्ताच्या आखणीतच प्रत्येक तुकडीच्या झोपेची जागा आणि वेळ लिहिलेली असावी, एवढं तरी या शहरातून सुरू व्हावं.

समितीच्या सदस्यांना माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या बैठका सणाच्या आधी होतात, दिवसा होतात, चहा होतो, फोटो निघतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखतो आणि तुम्ही मनापासून येता हेही मला माहीत आहे. त्या १७ तारखेच्या रात्री तुमच्यातले काही जण स्वतःच्या जिवाची पर्वा न करता गल्लीच्या तोंडावर हात पसरून उभे होते, ते मी पाहिलं आहे. म्हणूनच मागतो. मारबत असो, ईद असो, रामनवमी असो, एक बैठक रात्री अकराला घ्या, आणि ठाण्यात न घेता गल्लीत घ्या. कुठला लाइट बंद आहे, कुठल्या वळणावर अंधार आहे, कोणत्या घरात अजून खिडकी उघडत नाही, हे त्या वेळीच दिसेल. आमच्या मागच्या बोळातला एक दिवा त्या रात्री फुटला. तो लागायला किती दिवस गेले ते सांगत नाही, पण तो लागला त्या रात्री त्या बोळातली तीन घरं पहिल्यांदा झोपली.

गडबड झाल्यावर रात्रभर तुकड्या-तुकड्यांनी माहिती येत राहते त्याऐवजी रात्री साडेनऊला ठाण्याकडून एकच संदेश यावा, मराठीत आणि हिंदीत, शक्यतो आवाजात: आज तुमच्या भागात काय झालं, आत्ता काय स्थिती आहे, रात्री कोण गस्तीला आहे, आणि पुढचा संदेश सकाळी सहाला येईल. काही घडलं नसेल तेव्हाही तो यावा, आणि त्यात "काही घडलं नाही" असं स्पष्ट म्हणावं. रात्री माणसाला सगळ्यात जास्त हे ऐकायचं असतं. तुम्ही स्वतः कितीतरी ग्रुपचे अॅडमिन आहात. साडेनऊच्या संदेशानंतर सकाळपर्यंत ग्रुप बंद ठेवा. आपल्याच गल्लीत धोका असेल तेवढ्यापुरता अपवाद करा.

गस्तीची गाडी फिरायलाच हवी, तिनं आम्हाला धीर येतो. पण रस्ता मोकळा असताना पहाटे सायरन कशाला? दिवा फिरू द्या, आवाज नको. आणि ज्या तपासणीची घाई नाही ती उजेडी करावी, महिला पोलीस सोबत घेऊन. रात्री दोन वाजता एका दारावर थाप पडली की वीस घरं उठून बसतात आणि त्यांतली दहा पुन्हा झोपत नाहीत.

उपचाराचं म्हणाल तर आपल्याकडे मोठं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण त्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात. झोप येत नाही म्हणून तिथे जा असं मी कोणाला म्हटलं तर तो उद्यापासून माझ्या दुकानात येणार नाही. म्हणून ही विचारपूस घराजवळ व्हावी. आशा ताई घरोघरी जातातच, त्यांनी बीपी-शुगरसोबत एक प्रश्न विचारावा: रात्री झोप लागते का? ज्यांना तीन महिने लागलेली नाही त्यांची नावं मेयो-मेडिकल या सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांपर्यंत जावीत आणि डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा आमच्या समाजमंदिरात, शाळेत, मशिदीशेजारच्या हॉलमध्ये येऊन बसावं. या त्रासावर पहिला उपचार गोळीचा नाहीच. उठायची वेळ ठरवणं, झोप येईल तेव्हाच पलंगावर जाणं, डोक्यातल्या भीतीशी बोलायला शिकणं, हे शिकवणारी पद्धत आहे आणि जगभरातले डॉक्टर तीच आधी सुचवतात. १४४१६ हा टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतून बोलता येतं. त्या लेकुरवाळ्या बाईला द्यायला हा नंबर त्या दिवशी मला माहीत नव्हता. आता तो मी काउंटरवर मोठ्या अक्षरांत लावला आहे. तुम्ही तो प्रत्येक ठाण्याच्या, प्रत्येक राशन दुकानाच्या दारावर लावा.

आता वर्ष उलटून गेलं आहे. बऱ्याच घरांत कूलर पुन्हा खिडकीत बसले. काकाजींनी मात्र अजून बसवलेला नाही. ते म्हणतात, पुढच्या वर्षी पाहू.

माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक आठ वर्षांचा मुलगा राहतो. सव्वीस वर्षं मी रात्री साडेदहाला शटर एका झटक्यात खाली ओढत आलो. त्या रात्रीनंतर शटर पडल्याचा आवाज आला की तो मुलगा किंचाळत उठतो, हे त्याच्या आईनं मला फार संकोचून सांगितलं. तेव्हापासून मी शटर दोन्ही हातांनी धरून इंचाइंचानं खाली सोडतो. शेवटच्या वितीला खाली जुनं गोणपाट घालतो. समितीतल्या कोणाला यायचं असेल तर या वेळेला या, दुसरी बाजू धरायला मला माणूस लागतोच.

आपला,
महालातला एक औषध दुकानदार